रवांडात ‘जमातींचं जुनं वैर’ उफाळलं नव्हतं

आफ्रिकेतल्या रवांडातले हुतू आणि तुत्सी हे दोन समाज शतकानुशतकं एकमेकांच्या जिवावर उठलेले होते, १९९४ मध्ये तुत्सींच्या नरसंहारात त्याचाच भडका उडाला, असं आजही सर्रास सांगितलं जातं. हे चूक आहे. दोघांची भाषा एकच, किन्यारवांडा. वस्त्याही एकत्र, आपसांत लग्नंही होत. उच्चनीच होतं, पण गुरंढोरं बाळगून हुतू माणूस तुत्सी गणला जाऊ शके. ही वाट बेल्जियमच्या राजवटीनं बुजवली: १९३० च्या दशकात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर जमात नोंदवली. स्वातंत्र्यानंतरच्या सरकारांनीही तो रकाना ठेवला. १९९४ मध्ये नाक्यानाक्यावर तीच ओळखपत्रं तपासून तुत्सी माणसं मारली गेली. आपला-परका हा भाव माणसात असतोच. पण मारायच्या माणसांच्या याद्या, रेडिओवरचा विखार आणि शस्त्रं तेव्हाच्या हुतू सत्तेच्या वर्तुळातून आली. ‘जुनं वैर’ म्हणणं मला म्हणूनच अन्यायाचं वाटतं. त्यात हे गुन्हेगार सहज सुटतात.