दगडावर अपोलो, दगडाखाली काराबस

आल्प्समध्ये उन्हाळी सकाळी एखाद्या दगडावर अपोलो फुलपाखरू पंख पसरून बसलेलं दिसतं. पांढुरके, कडांना पारदर्शक पंख आणि मागच्या जोडीवर काळ्या कड्यातले लाल ठिपके. ते विसावलंय असं वाटतं, पण ते तापत असतं. उडण्याचे स्नायू गरम झाल्याशिवाय त्याला नीट उडता येत नाही, आणि ही ऊब बहुतेक उन्हातूनच मिळवायची. अंगावरची दाट लव आणि पंखांच्या मुळाशी असलेला काळसर रंग त्याच कामाचे. सूर्य ढगाआड गेला की ते गवतात गप्प बसतं.

तोच दगड उचलला तर खाली एखादा काराबस भुंगेरा असू शकतो. काळा किंवा तांब्यासारखा झळाळणारा, लांब पायांचा. उजेड दिसला की पळत सुटतो. धरलात तर मागच्या टोकातून झोंबणारा, उग्र वासाचा द्रव सोडतो. शिकारीला तो बहुधा रात्री निघतो. गोगलगाय किंवा गांडूळ सापडलं की त्यावर पाचकरस ओतायचा आणि विरघळलेलं मांस ओढून घ्यायचं! त्याचे नेब्रिया नावाचे भाऊबंद तर रात्री बर्फाच्या कडेला हिंडून वाऱ्यानं वर आणून टाकलेले गारठलेले किडे वेचतात.

अशा बऱ्याच भुंगेऱ्यांना उडता येत नाही. मागचे पंख खुरटलेले, पुढचे पाठीवरची ढाल झालेले. डार्विननं 1859 मध्ये मदेरा बेटावरच्या 550 जातींच्या भुंगेऱ्यांपैकी 200 जाती उडू न शकणाऱ्या असल्याचं नोंदवलं होतं. उडणारे वाऱ्यानं समुद्रात जातात, हे त्याचं एक स्पष्टीकरण. डोंगरापुरतं मला दुसरं कारण जास्त पटतं: पंख आणि त्यांचे स्नायू पोसणं महागात पडतं, आणि थंडीत ते वापरायला मिळणार किती वेळ?

पण याची किंमतही आहे. चालणाऱ्या किड्याला दोन शिखरांमधली उबदार दरी समुद्रासारखीच. म्हणूनच ट्रेकस या चिमुकल्या भुंगेऱ्यांच्या कित्येक जाती एखाद्याच डोंगररांगेपुरत्या उरल्या आहेत. उंची 1000 मीटरनं वाढली की हवा साधारण 6 अंशांनी थंड होते. तापमान वाढतंय तसे हे किडे वर सरकतात, आणि शिखर आलं की वाट संपते. अपोलो दरी ओलांडू शकतं, मात्र पलीकडच्या खडकांवर सुरवंटाच्या खाण्यासाठी सीडम या वनस्पतीची मांसल पानं हवीत. झुडपांनी खडक झाकले, तर तिथं उतरून उपयोग नाही.

अपोलोचा सुरवंट अंड्यातच तयार होऊन हिवाळाभर कवचाआड थांबतो. वर बर्फाचा जाड थर असला तर कडाक्याची थंडी त्याच्यापर्यंत पोचत नाही.