उंबऱ्यावरच घ्यायचा इलेक्ट्रॉन

तीन परीक्षानळ्या, तीन खिळे. एकीत साधं पाणी, दुसरीत उकळून गार केलेलं पाणी आणि वर तेलाचा थर, तिसरीत कॅल्शियम क्लोराइड. आठ दिवसांनी गंज फक्त पहिलीत. 'गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात', असं आपण वहीत लिहिलं आणि विसरलो.

खिळ्यापुरतं ते ठीक. पण १९९६ साली सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ क्रिस्टिना श्ट्राउब आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की ऑक्सिजनचा मागमूस नसलेल्या बाटलीतही विरघळलेल्या लोहाचा गंज होतो, नायट्रेट आणि जिवाणू असले की झालं. जर्मनीतल्या ब्रेमेनच्या गाळातून वाढवलेला त्यांचा 'केएस' हा जिवाणूसमूह आजही अभ्यासला जातो.

विरघळलेल्या लोहाने दोन इलेक्ट्रॉन आधीच गमावलेले असतात; जिवाणू तिसरा काढतो आणि नायट्रेटला देतो. एका नायट्रेटचा नायट्रोजन वायूपर्यंत प्रवास व्हायला पाच इलेक्ट्रॉन लागतात, म्हणजे लोहाचे पाच अणू.

खरी गोम पुढे आहे. तिसरा इलेक्ट्रॉन गेला की लोह विरघळलेलं राहत नाही, घट्ट बसतं. हा उद्योग पेशीच्या आत केला तर स्वतःचंच घर गंजाने भरणार. कॉन्स्टन्स सरोवराच्या गाळातला बोफेन१ हा जिवाणू असाच खनिजाच्या कवचात अडकतो. तिथे बराचसा गंज नायट्रेटपासून तयार झालेलं नायट्राइट आणि लोह यांच्या साध्या रासायनिक अभिक्रियेतून होतो. त्यामुळे 'लोखंड खाणारा जिवाणू' असे मथळे जरा जपून वाचावेत.

यावरचा तोडगा मला फार आवडतो. सायक२ हे प्रथिन पेशीच्या बाहेरच्या पटलात पिंपासारखं बसलेलं असतं, आणि त्याच्या टोकाशी एकच हीम, म्हणजे लोहाचा अणू धरून बसलेला छोटा रेणू. होय, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये असतं त्याच कुळातलं. लोह बाहेरच उभं राहतं, इलेक्ट्रॉन तेवढा आत जातो. दुसरी तऱ्हा एमटीओ-ए आणि एमटीओ-बी या प्रथिनांच्या जोडीची: पिंपातून ओवलेली दहा हीमची माळ, म्हणजे तारच म्हणा. आत गेलेले काही इलेक्ट्रॉन नायट्रेटकडे उतरतात. पण कार्बन डायऑक्साइडपासून अन्न करायचं तर एनएडीएच हवं, म्हणजे पेशीत इलेक्ट्रॉन वाहून नेणारा रेणू. त्याचं विभव उणे ३२० मिलिव्होल्ट, लोहापेक्षा कितीतरी उणे; इलेक्ट्रॉनच्या दृष्टीने ही चढणच. तिथवर इलेक्ट्रॉन ऊर्जा खर्चून उलटे चढवावे लागतात. म्हणून पोटाला पुरेसं मिळवायला ढीगभर गंज करावा लागतो.

यांचे ऑक्सिजनवर जगणारे भाऊबंद आपल्याही ओढ्या-विहिरींत असतात. पाण्यावर तेलकट तवंग आणि तांबूस चिखल दिसला की कुणी तेल सापडलं म्हणतो, कुणी देवीचा कोप. काडीने तवंग ढवळून पाहा. तेल पुन्हा जुळून येतं. जिवाणूंचा तवंग काचेसारखा तुकडे होऊन तरंगतो.

केएसमधल्या मुख्य जिवाणूच्या जनुकांत सायक२सारखं जनुक आहे, पण नायट्रिक ऑक्साइडच्या पुढची पायरी गाठणारी जनुकं नाहीत. तो विषारी वायू शेजारचे जिवाणू पुढे नेतात. बहुधा म्हणूनच त्याला एकट्याला वेगळा काढून वाढवायचे प्रयत्न फसत आले.