बीप येतो, तरी बटण दाबताच सेट का बसतो?

गाडीतला दुतर्फा बोलण्याचा रेडिओ सेट ऐकायला ठणठणीत. डिस्प्ले उजळ, आवाज स्वच्छ. पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबला की मात्र डिस्प्ले मंदावतो, सेट रीसेट होतो नाहीतर समोरच्याला तुटक शब्द ऐकू जातात. लो पॉवरवर चालतं, हायवर मान टाकतो. मग मल्टीमीटर निघतो, कंटिन्युइटीवर (वायर सलग असली की बीप देणाऱ्या रेंजवर) फिरवला जातो, वायरच्या दोन टोकांना प्रोब लागतात, बीप वाजतो आणि निकाल जाहीर होतो: ‘वायरिंग ओके आहे, सेटच गेलाय.’ सेट दुरुस्तीला जातो, तिथल्या पॉवर सप्लायवर निमूट चालतो आणि ‘दोष आढळला नाही’ म्हणून परत येतो. हे इतक्या वेळा पाहिलंय की हल्ली तो बीप ऐकला तरी डोकं उठतं.

कंटिन्युइटी कशी बघायची हे तुम्हाला येतं, त्यावर वेळ घालवत नाही. ती एवढंच सांगते की वायर कुठे पूर्ण तुटलेली नाही. ती वायर सेटला लागेल तेवढा करंट पोचवते का, हा वेगळा प्रश्न, आणि त्याचं उत्तर लोड चालू असताना, म्हणजे सेट करंट ओढत असताना, मोजलेला व्होल्टेज ड्रॉपच (वाटेत गळालेले व्होल्ट) देतो. पायवाट दिसली म्हणून तिथून ट्रक जाईल असं कुणी धरत नाही. वायरच्या बाबतीत मात्र सर्रास धरतात.

आकडे बघा. 50 वॉटचा व्हीएचएफ सेट ऐकताना साधारण अर्धा अँपिअर घेतो, बोलताना 10 ते 12. कंटिन्युइटीवर मीटर वायरमधून जेमतेम मिलिअँपिअरच्या घरातला करंट सोडतो, आणि बरेच मीटर काही ओहमपर्यंतच्या रेझिस्टन्सलाही खुशाल बीप देतात. आता समजा एका खराब जॉइंटमध्ये 0.2 ओहम आहे. ऐकताना तिथे 0.1 व्होल्ट पडतो, कुणाला पत्ताही लागत नाही. बोलताना 10 अँपिअर गेले की 2 व्होल्ट तिथेच गडप, वर त्या जॉइंटमध्ये 20 वॉट उष्णता. बॅटरीवर 12.6 असले तरी सेटपाशी 10.6. बहुतेक सेट 13.8 व्होल्ट, अधिक-उणे 15 टक्के, यासाठी बनवलेले असतात; म्हणजे 11.7 च्या खाली त्याने रडगाणं लावलं तर दोष त्याचा नाही. ‘मग ओहम रेंजवर मोजतो की,’ असं कुणीतरी म्हणतंच. साध्या मीटरच्या प्रोबच्या वायरींचाच रेझिस्टन्स 0.2-0.3 ओहम असतो. त्यातून काय निवडणार?

याच गोंधळाचं दुसरं रूप म्हणजे सेटचा प्लग काढून टोकाला व्होल्टेज मोजणं. ‘पूर्ण 12.6 येतात!’ येणारच. डिजिटल मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स 10 मेगाओहमच्या आसपास असतो, तो करंट ओढतच नाही. एका तारेवर लटकलेली वायरसुद्धा त्याला 12.6 दाखवते.

खरी मोजणी अशी. मीटर डीसी व्होल्टवर. एक प्रोब बॅटरीच्या प्लसवर, आणि तोही शिशाच्या खुंटावर, त्यावर कसलेल्या क्लॅम्पवर नको. खुंट आणि क्लॅम्प यांच्यामधला थर हाच पुष्कळदा चोर असतो. दुसरा प्रोब सेटच्या टोकाला लाल वायरवर, प्लग जोडलेला ठेवून मागून खुपसलेला. प्रोब पोचत नसेल तर कुठलीही बारीक वायर जोडून लांब करा, मीटर करंट घेत नसल्याने तिच्या जाडीने फरक पडत नाही. अँटेना किंवा डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा, पॉवर जिरवणारा रेझिस्टर) लावलेला हवाच. एफएम मोड, हाय पॉवर, पीटीटी दाबा आणि आकडा वाचा. एसएसबी मोडवर हे करू नका, तिथे करंट आवाजाबरोबर नाचतो आणि मीटर मागे राहतो. मग हेच काळ्या वायरीला: बॅटरीच्या मायनस खुंटापासून सेटच्या मायनसपर्यंत.

ट्रान्समिट करताना प्रोबच्या वायरी आरएफ, म्हणजे सेटच्याच रेडिओ लहरी, पकडतात आणि आकडा भरकटू शकतो. शंका आली तर सेट काढून त्या जागी हेडलाइटचा 55 वॉटचा बल्ब लावा. तो साधारण साडेचार अँपिअर घेतो, आलेला ड्रॉप दुप्पट करा, अंदाज मिळतो. मला तर हीच पद्धत जास्त आवडते. बल्ब चॅनेल अडवत नाही.

लाल आणि काळी मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर मी वायरिंगला हात लावत नाही. चार मीटर अंतरावर 2.5 चौरस मिलिमीटरची वायर जाऊन-येऊन 10 अँपिअरला सुमारे 0.6 व्होल्ट खाते, 6 ची पाव व्होल्ट. म्हणून 6 चीच टाका, कंजुषी कशाला? दोन्ही ड्रॉप कमी आणि बॅटरीच्या खुंटांवरच व्होल्टेज कोसळत असेल तर वायर निर्दोष, बॅटरी बघा.

ड्रॉप जास्त आला तर प्रोब जवळजवळ आणत जा: क्लॅम्प, फ्यूज होल्डर, लग (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं), मधला जॉइंट. स्प्रिंगवाला काचेच्या फ्यूजचा होल्डर दिसला तर मी मोजतही नाही, सरळ काढून ब्लेड फ्यूजचा लावतो. टेप गुंडाळलेला पीळ उघडला की आत तांबं हिरवं-काळं पडलेलं, चार-दोन तारा तेवढ्या चमकत असतात. त्याच चार तारांनी बीप दिलेला असतो.

काळ्या वायरीकडे लोक बघतच नाहीत. सीटच्या बोल्टखाली, रंगावरच लग आवळून ‘बॉडी अर्थ दिला’ म्हणतात. रंग खरवडा. बॅटरीच्या मायनसवर करंट सेन्सर असलेल्या गाडीत काळी वायर खुंटावर न घेता, बॅटरीची मायनस केबल बॉडीला जिथे मिळते तिथे घ्या. नाहीतर सेटचा करंट सेन्सरला वळसा घालून जातो आणि त्याचा हिशेब चुकतो.

फ्यूज बॅटरीजवळ, कारण तो वायरीला आग लागू नये म्हणून असतो. सिगारेट लाइटरच्या सॉकेटवर 50 वॉटचा सेट लावू नका, यावर चर्चा नाही. आणि इंजिनच्या वेगाबरोबर चढत जाणारी शिट्टी ऐकू येत असेल तर ती अल्टरनेटरची, ड्रॉपशी तिचा संबंध असेलच असं नाही. पण त्यावर फिल्टर विकत घेण्याआधी वरची मोजणी करून घ्या, विशेषतः काळ्या वायरीची.