प्रकाशाच्या वेगाचे आकडे आणि अणूचा आकार

गिझाच्या मोठ्या पिरॅमिडचा अक्षांश २९.९७९२४५८ अंश, प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. म्हणजे पिरॅमिड बांधणाऱ्यांना हा वेग ठाऊक होता, असा मेसेज व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा फिरतो. सुरुवातीचे आकडे जुळतात, हे खरे. पण मीटर जन्मला अठराव्या शतकाच्या अखेरीस, फ्रान्समध्ये. हाच वेग मैलात मांडला की १,८६,२८२ होतो आणि चमत्कार तिथेच संपतो.

प्रकाशाच्या वेगासारख्या स्थिरांकाचा आकडा एककावर ठरतो. एकक बदलले तरी टिकते ती त्याची मिती, म्हणजे वस्तुमान, लांबी आणि काळ यांच्या कोणत्या घातांनी तो बनला आहे ते. ती काढणे सोपे आहे. वस्तुमानाला व, लांबीला ल, काळाला क म्हणू. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, म्हणून [व ल क⁻²]. न्यूटनच्या सूत्रात गुरुत्व स्थिरांक एका बाजूला घेतला की उरते बल × अंतर² ÷ वस्तुमान², म्हणजे [व⁻¹ ल³ क⁻²]. पुंजभौतिकीतला प्लांकचा स्थिरांक म्हणजे प्रकाशकणाची ऊर्जा भागिले त्याची वारंवारता: [व ल² क⁻¹]. कोनीय संवेगाची (फिरण्याच्या संवेगाची) मितीही नेमकी हीच!

आता मला सर्वांत आवडणारी गोष्ट. १९११ मध्ये रदरफर्डने अणूला केंद्रक असल्याचे दाखवले. मग इलेक्ट्रॉनने त्याच्यापासून किती लांब राहायचे? हायड्रोजनपुरते पाहू. हाताशी दोनच राशी आहेत. एक, इलेक्ट्रॉनचे वस्तुमान [व]. दुसरी, इलेक्ट्रॉन-प्रोटॉनमधले बल × अंतर². अंतर कितीही बदलले तरी हा गुणाकार तेवढाच राहतो. त्याची मिती [व ल³ क⁻²]. या दोघांचा कसाही गुणाकार-भागाकार करा, नुसती लांबी मिळत नाही, कारण क घालवायला दुसरीकडे क नाही. म्हणजे जुन्या, पुंजभौतिकीच्या आधीच्या भौतिकीत अणूला स्वतःचे माप असूच शकत नव्हते.

प्लांकचा स्थिरांक आणला की चित्र पालटते. त्याचा वर्ग [व² ल⁴ क⁻²]. त्याला त्या दोन राशींच्या गुणाकाराने, [व² ल³ क⁻²] ने, भागा. उरतो फक्त [ल]! २π चे भान मात्र मितीला नसते. ते भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोरच्या १९१३ च्या गणितातून येते. प्लांकच्या स्थिरांकाला आधी २π ने भागून किमती घातल्या की उत्तर येते ०.०५३ नॅनोमीटर, हायड्रोजन अणूची त्रिज्या.

तीच बल × अंतर² राशी २π ने भागलेला प्लांक स्थिरांक आणि प्रकाशाचा वेग यांच्या गुणाकाराने भागली, तर व, ल, क तिन्ही उडतात. उरतो सुमारे १/१३७, म्हणजे विद्युत बलाचा जोर सांगणारा सूक्ष्मसंरचना स्थिरांक. मीटर घ्या, मैल घ्या, कोस घ्या, हा आकडा तोच येतो.