नऊ विमानांपुरती जागा

२५ एप्रिल २०१५, शनिवार. नेपाळमध्ये सकाळचे ११ वाजून ५६ मिनिटं झाली होती. गोरखा जिल्ह्यातल्या बारपाकजवळ जमीन हादरली आणि ७.८ तीव्रतेच्या धक्क्याने गावंच्या गावं खाली आली. सुमारे ९,००० माणसं गेली. काही तासांतच भारतीय हवाई दलाची विमानं बचाव पथकं घेऊन काठमांडूकडे निघाली. या मोहिमेचं नाव 'ऑपरेशन मैत्री'. पाठोपाठ ३०हून अधिक देशांची पथकं निघाली. त्यात डझनाहून अधिक देशांची सैन्यंही होती.

ही सगळी मदत उतरणार होती एकाच विमानतळावर. त्रिभुवन आंतरराष्ट्रीय विमानतळाला धावपट्टी एक, लांबी तेव्हा ३,०५० मीटर. आणि मोठी विमानं उभी करायला जागा होत्या नऊ. पुढच्या आठवड्यात काही विमानं आकाशात घिरट्या घालत राहिली, काहींना उतरायला न मिळाल्याने भारतात परत फिरावं लागलं. आपल्याला वाटतं, मदत कमी पडते ती सामान कमी असल्याने. काठमांडूत सामान होतं, विमानं होती, पाठवणारे हात होते. अडलं ते विमान उतरल्यानंतरच्या तासांत.

याचं गणित साधं आहे. जॉन लिटल या अमेरिकी प्राध्यापकांनी १९६१ साली ते सिद्ध केलं: कुठल्याही जागी सरासरी जितके 'ग्राहक' असतात, ती संख्या म्हणजे ताशी येणारे ग्राहक गुणिले प्रत्येकाचा मुक्काम. बँकेला लागू, दवाखान्याला लागू, विमानतळालाही लागू. जागा नऊ आहेत आणि प्रत्येक विमान रिकामं व्हायला तीन तास लागतात असं धरा. म्हणजे ताशी तीनच विमानं घेता येतील. तेच काम दीड तासात झालं, तर ताशी सहा. एक फूटही नवं काँक्रीट न टाकता विमानतळ दुप्पट मोठा झाला! लागलं काय? फोर्कलिफ्ट, पॅलेट (माल रचून बांधलेल्या फळ्या) उचलणारी यंत्रं आणि ती चालवणारी सरावलेली माणसं.

सैन्याचं खरं मोल मला इथे दिसतं. आपल्या डोळ्यांपुढे हेलिकॉप्टरला लटकलेला जवान येतो, आणि त्याचं शौर्य मोठंच आहे. पण सैन्याकडे आणखी एक गोष्ट असते: माल उतरवण्याची यंत्रणाच विमानात घालून कुठेही नेण्याची सवय. काठमांडूत अमेरिकी हवाई दलाची एक तुकडी नेमकं हेच करत होती. ती देशोदेशीच्या विमानांतून सामान उतरवून धावपट्टी मोकळी ठेवत होती.

रांगेचा दुसरा नियम जास्त क्रूर आहे. एकच खिडकी आहे, लोक अवेळी येताहेत आणि प्रत्येकाला लागणारा वेळही कमीजास्त आहे, अशी सर्वांत साधी कल्पना करा. खिडकी निम्मा वेळ व्यस्त असेल, तर सरासरी थांबावं लागतं एका कामाइतका वेळ. ती ८० टक्के व्यस्त झाली की चार कामांइतका, ९० टक्क्यांना नऊ, ९५ टक्क्यांना एकोणीस. म्हणजे क्षमता भरत आली की पाठवलेलं प्रत्येक जादा विमान बाकी सगळ्यांना उशीर करतं. ते सद्भावनेने पाठवलेलं असलं तरी. म्हणून अशा वेळी 'आत्ता नको' म्हणणारं कुणीतरी लागतं, आणि त्या 'नको'ला सगळ्यांनी मान द्यावा लागतो.

धावपट्टीनेही 'नको' म्हटलं. त्या जड वाहतुकीखाली तिला तडे जायला लागले, आणि ३ मे रोजी १९६ टनांहून जड विमानांना बंदी घालण्यात आली. सी-१७ हे लष्करी मालवाहू विमान पूर्ण भरलं की २६५ टनांपर्यंत जातं, म्हणजे ते बाद. त्याहून लहान सी-१३०जे सत्तरेक टनांचं, ते चालेल. रस्त्यांच्या बाबतीत एक ठोकताळा आहे: आसावरचा भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज सुमारे सोळा पट होते. धावपट्टीचं गणित यापेक्षा गुंतागुंतीचं असलं, तरी दिशा तीच.

मग पुढे कोण, मागे कोण, हे ठरवायचं कुणी? नेपाळच्या पाच वर्षं आधी हैती या कॅरिबियन देशात हा प्रश्न फार कडवट झाला होता. १२ जानेवारी २०१०च्या भूकंपात राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सच्या विमानतळाचा नियंत्रण मनोरा निकामी झाला. दुसऱ्याच दिवशी अमेरिकी हवाई दलाचे नियंत्रक उतरले आणि धावपट्टीशेजारी एक घडीचं टेबल व रेडिओ मांडून त्यांनी विमानं उतरवायला सुरुवात केली. कौशल्य थक्क करणारं होतं. पण 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या वैद्यकीय मदतसंस्थेचं, फुगवून उभारायच्या रुग्णालयाचं सामान आणणारं विमान शेजारच्या डॉमिनिकन रिपब्लिककडे वळवलं गेलं. तिथून ते सामान ट्रकने आणावं लागलं. जखमींच्या दृष्टीने तो उशीर जीवघेणा होता. विमानं कशी उतरवायची हे सैन्याला उत्तम कळत होतं. आधी शस्त्रक्रियेचं सामान की आधी पाणी की आधी सैनिक, हा निर्णय वेगळ्या प्रकारचा आहे. तो रुग्ण, गावं आणि गरजा जाणणाऱ्यांचा आहे. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाशी बोलून प्राधान्यक्रम बदलले गेले.

याच कारणाने संयुक्त राष्ट्रांच्या ऑस्लो मार्गदर्शक तत्त्वांत (१९९४ची, पुढे सुधारलेली) लिहिलंय की परदेशी सैन्याची साधनं नागरी पर्याय नसेल तेव्हाच घ्यावीत, आणि मदतीचा एकूण ताबा नागरी हातात असावा. सैनिक आपल्या अधिकाऱ्याचंच ऐकतील, पण काय कुठे जायचं ते नागरी यंत्रणा सांगेल. आपल्याला हे अनोळखी नाही. आपल्याकडेही पुरात जिल्हा प्रशासन मागणी करतं, मग सैन्य येतं. २०१९च्या ऑगस्टात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला तेव्हा ट्रकांच्या मैलोन् मैल रांगा कोल्हापूरकरांनी पाहिल्या आहेत. पाणी ओसरताना आधी कोणती गाडी सोडायची, हा तिथलाही प्रश्न होता.

नेपाळने यजमानपण सोडलं नाही. परदेशी सैन्यांसाठी नेपाळी सेनेने समन्वय केंद्र उघडलं, आणि कोण कुठे उडणार ते तिथून ठरू लागलं. ब्रिटनने तीन चिनूक हेलिकॉप्टरं भारतापर्यंत आणली होती, पण नेपाळने परवानगी दिली नाही. त्यांच्या पात्यांच्या वाऱ्याने खिळखिळी घरं पडतील, अशी भीती सांगितली गेली. पाठवणाऱ्याला ते लागलं असेल. तरी ज्याचं घर, त्यानेच दार उघडायचं, हे मला पटतं. काठमांडूचं एक सुदैव असं की जागतिक अन्न कार्यक्रमाने विमानतळाशेजारी मदतसाहित्य हाताळायचं केंद्र भूकंपाच्या जेमतेम महिनाभर आधी, मार्चमध्ये सुरू केलं होतं. गोदाम, मोकळी जागा, वाटपाची सोय सगळं तयार होतं. ज्यांनी तो खर्च शांततेच्या काळात मंजूर केला, त्यांचं कौतुक फारसं कुणी केलं नाही.

धावपट्टी सुटली तशी गाठ पुढे सरकली. मालाचे ढीग सीमाशुल्क तपासणीत अडले, आणि संयुक्त राष्ट्रांना नेपाळ सरकारकडे नियम शिथिल करायची विनंती करावी लागली. तिथून ट्रक निघाले, ते दरडींशी थांबले. मग हेलिकॉप्टर. पण ३,००० मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा सुमारे एक चतुर्थांश कमी असते. पात्यांना धरायला हवाच विरळ, म्हणून भार कमी न्यावा लागतो. शिवाय ढग आणि अरुंद दऱ्या. १२ मे रोजी ७.३चा दुसरा मोठा धक्का बसला. त्याच दिवशी मदतीवर असलेलं अमेरिकी मरीनचं हेलिकॉप्टर कोसळलं. सहा अमेरिकी आणि दोन नेपाळी सैनिक गेले.

जिथे हेलिकॉप्टर टेकू शकत नव्हतं, तिथली शेवटची वाट पायवाट होती. गिर्यारोहकांच्या मदतीने जागतिक अन्न कार्यक्रमाने हजारो भारवाहक कामाला लावले. ते आधी दरडींखालच्या पायवाटा मोकळ्या करत, मग तांदूळ आणि ताडपत्र्या पाठीवर मावतील अशा बांधून वर चढत. बरोबर खेचरं. भूकंपाने पर्यटक पळाले होते, त्यामुळे यांतल्या अनेकांचा रोजगार बुडाला होता. आता तेच आपल्या डोंगरातल्या वरच्या घरांपर्यंत सामान पोहोचवत होते, आणि त्याची मजुरी त्यांच्या घरी जात होती.