डबल डाय नाणं मुळात बनतं कसं

नाण्यावरचा आकडा डबल दिसला की लोक लगेच फोटो टाकून विचारतात, लाखाला जाईल का. बहुतेक वेळा नाही जाणार, आणि का नाही ते कळायला थोडं मागे जावं लागतं.

ही भानगड खरी गाजली ती १९५५ साली, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत. लिंकनचं चित्र असलेल्या एका सेंटच्या नाण्याचा एक डाय, म्हणजे नाण्यावर चित्र उठवणारा पोलादी ठसा, असा निघाला की साल, अक्षरं सगळं दोनदा, भिंगाशिवाय दिसेल एवढं, आणि चूक लक्षात आली तोवर ती नाणी चांगल्या नाण्यांच्या ढिगात मिसळलेली, मग सगळंच वितळवत कोण बसणार म्हणून तशीच सोडून दिली. अंदाजे २० ते २४ हजार. त्यातली बरीच सिगारेटच्या पाकिटातून लोकांच्या हाती आली, कारण मशीनमध्ये २५ सेंट टाकायचे आणि पाकीट २३ ला, वरचे २ सेंट पाकिटातच घातलेले असायचे!

तेव्हा डाय एका दाबात बनत नसे. उठावाचं चित्र असलेला हब मऊ पोलादावर दाबायचा, त्या दाबाने पोलाद कडक व्हायचं, मग तापवून पुन्हा मऊ करायचं आणि पुन्हा दाबायचं. दुसऱ्या खेपेला हब केसभर जरी फिरला तरी चित्र दोनदा. म्हणजे चूक डायमध्येच, नाणं पाडायच्या आधीची. म्हणून दोन्ही अक्षरं गोलसर आणि नीट उठलेली, एकूण अक्षर जाड, टोकाला खाच, आणि त्या डायच्या प्रत्येक नाण्यावर अगदी तस्संच.

डाय सैल असला तर गोष्ट वेगळी. ठोका बसतो, डाय हलतो, नुकतंच उठलेलं अक्षर एका बाजूने चेपतो. पायरीसारखी चपटी कड येते आणि मूळ अक्षर उलट बारीक होतं. याला मशीन डबलिंग म्हणतात, किंमत जवळपास शून्य. झिजलेल्या डायचंही तसंच, १९५५ च्याच काही सेंटवर शेवटच्या ५ ला नुसती सावली आहे, त्यांना गमतीने गरिबाचा डबल डाय म्हणतात. बाकी रस्त्यावर घासलेलं, हातोडी खाल्लेलं नाणं, तिथे धातू नुसता ढकललेला असतो, दुसरं अक्षर नसतंच.

१९६९ ला तर आणखी घोळ, नकली डबल डाय सेंट निघाले आणि त्या गडबडीत सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीतली काही खरी डबल डाय नाणीही सरकारने जप्त केली.

आपल्याकडे जुन्या नाण्यांच्या नावाने फसवाफसवी इतकी चालली की २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला इशारा द्यावा लागला, आमच्या नावाने कमिशन मागणाऱ्यांना पैसे देऊ नका म्हणून.

नव्वदच्या दशकात अमेरिकेत एका दाबात डाय बनायला लागले, वाटलं आता संपलं. पण दाबताना पोलाद जरा तिरकं बसलं की मधल्या भागात बारीक डबलिंग येतंच, २००९ च्या काही सेंटवर ओंडक्यावर बसून वाचणाऱ्या तरुण लिंकनच्या हाताला एक बोट जास्त आहे.