एनबीए ड्राफ्ट: पात्रता, अर्ज आणि कागदपत्रं (ठाणे, नवी मुंबईच्या खेळाडूंसाठी)

मुलाची उंची साडेसहा फुटांच्या आसपास गेली आणि तो जिल्हा संघात आला, की घरात एक प्रश्न हमखास निघतो: एनबीए ड्राफ्टचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधले संघ दरवर्षी नवे खेळाडू निवडतात त्या कार्यक्रमाचा, फॉर्म कुठे मिळतो? तर असा फॉर्म जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात मिळत नाही, राज्य संघटनेकडेही मिळत नाही. कुणी पैसे घेऊन भरून देतो म्हणाला, तर तिथून सरळ उठून यावं. ड्राफ्टला पात्र होणं ही वयाची बाब आहे. निवड होते ती तुम्हाला कुणी, कुठल्या दर्जाच्या सामन्यांत आणि किती वेळा पाहिलं यावर. पालकांची धावपळ पहिल्या गोष्टीसाठी चालते आणि वर्षं मात्र दुसरीसाठी लागतात.

ड्राफ्ट दरवर्षी जूनच्या शेवटी होतो. ३० संघ, दोन फेऱ्या, म्हणजे एकूण ६० जागा. नियमभंगामुळे एखाद्या संघाची जागा काढून घेतली जाते, तेव्हा ५८ किंवा ५९ नावंच पुकारली जातात. २०२४ पासून हा कार्यक्रम दोन दिवसांत विभागला आहे, आणि तिथली संध्याकाळ म्हणजे आपली पहाट.

पात्रता कशी मोजतात

पहिली अट अशी, की ज्या वर्षीचा ड्राफ्ट त्या कॅलेंडर वर्षात खेळाडूला १९ वर्षं पूर्ण झाली पाहिजेत. पुढचा हिशोब तुम्ही ‘आंतरराष्ट्रीय खेळाडू’ आहात की नाही यावर अवलंबून आहे. इथेच बहुतेकांची गल्लत होते, कारण हे पासपोर्टच्या रंगावरून ठरत नाही. ड्राफ्टआधीची किमान तीन वर्षं अमेरिकेबाहेर राहून बास्केटबॉल खेळलेला, अमेरिकेत हायस्कूल पूर्ण न केलेला आणि तिथल्या कॉलेजात कधीच प्रवेश न घेतलेला, तो आंतरराष्ट्रीय. असा खेळाडू ज्या वर्षी २२ पूर्ण करतो त्या वर्षी काहीही न करता आपोआप पात्र होतो. त्याआधी यायचं असेल तर स्वतःहून नाव द्यावं लागतं.

समजा मुलाचा जन्म २००८ चा आहे, महिना जानेवारी असो की डिसेंबर. २०२७ मध्ये तो १९ चा होईल, म्हणजे त्या वर्षापासून नाव देता येईल. नाव कधीच दिलं नाही तरी २०३० मध्ये तो आपोआप पात्र ठरेल. आता हाच मुलगा बारावी ठाण्यात करून अमेरिकन कॉलेजात गेला, तर ‘आंतरराष्ट्रीय’ ही व्याख्या त्याला लागू राहत नाही. मग १९ वर्षांच्या अटीसोबत हायस्कूल संपल्यावर एनबीएचा किमान एक हंगाम उलटलेला असणंही आवश्यक ठरतं.

याचं आपल्याकडचं उदाहरण सतनाम सिंग भामरा. पंजाबातल्या बल्लो के गावचा हा मुलगा लुधियानाच्या अकादमीत घडला आणि २०१० मध्ये फ्लोरिडातल्या आयएमजी अकादमीत गेला. शिक्षण तिथे झाल्यामुळे त्याचा मार्ग अमेरिकन नियमांनी ठरला. २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडलं. ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय. एनबीएच्या मुख्य हंगामातला सामना मात्र त्याला कधी मिळाला नाही, तो दुय्यम लीगमध्ये टेक्सास लेजंड्सकडून खेळला. ही दोन वाक्यं प्रत्येक घराने एकत्र वाचावीत, कारण पहिलं वाक्य वर्तमानपत्रात येतं आणि दुसरं राहून जातं.

नाव देणं आणि मागे घेणं

वेळेआधी यायचं असेल तर ड्राफ्टच्या किमान ६० दिवस आधी एनबीएकडे लेखी कळवायचं असतं. म्हणजे साधारण एप्रिलचा शेवटचा आठवडा, आपल्याकडे बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षांची घाई असते तोच काळ. दिलेलं नाव ड्राफ्टच्या १० दिवस आधीपर्यंत मागे घेता येतं. तिथली संध्याकाळी ५ ची मुदत म्हणजे भारतात मध्यरात्रीनंतरचे अडीच, त्यामुळे तारीख एक दिवस पुढची दिसते. पत्र आदल्या दिवशीच गेलेलं बरं. कॉलेजमधून खेळणाऱ्यांसाठी तिथले कॉलेज खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेची मुदत वेगळी आणि बहुधा आधीची असते. तिच्याकडे आधीचे करार आणि घेतलेले पैसे यांचीही चौकशी होते. म्हणून लीगमध्ये खेळून मिळालेल्या मानधनाची पावती, कराराची प्रत, सगळं जपून ठेवा. नंतर आठवणीवर काही सिद्ध होत नाही.

नाव ठेवायचं की मागे घ्यायचं, हा निर्णय संघांकडून आलेल्या खऱ्या प्रतिक्रियेवर घ्यावा. कुणाकडूनच विचारणा नसेल तर मागे घेण्यात काहीही कमीपणा नाही.

कागदपत्रं

हे काम घरबसल्या, आजपासून सुरू करता येण्यासारखं आहे, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं.

जन्मदाखला जन्म जिथे झाला तिथल्या निबंधकाकडून मिळतो, राहत्या घराच्या महापालिकेकडून नाही. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. मुलगा वाढला ऐरोलीत आणि नोंद कराडच्या नगरपरिषदेत, अशी कितीतरी घरं आहेत. दाखला काढून पाहिला तर नावाचा रकाना रिकामा असतो, कारण नोंद बारशाच्या आधी झालेली असते. रिकाम्या रकान्याचा दाखला परदेशात चालत नाही. नाव घालून घ्यायला त्या कार्यालयात आई-वडिलांचे पुरावे घेऊन जावं लागतं आणि उशीर होईल तसं काम किचकट होतं. मुलगा आठवीत असतानाच हे उरका.

मग नावाचं स्पेलिंग. दहावीच्या गुणपत्रिकेत आडनाव आधी, आधारवर शेवटी, पासपोर्टमध्ये वडिलांचं नाव मुलाच्या नावाला जोडलेलं. एका कागदावर ‘दीपक’ला दोन ई, दुसऱ्यावर एक आय. आपल्याला हे किरकोळ वाटतं, पण व्हिसा देणाऱ्याला ही दोन वेगळी माणसं दिसतात. आधी जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि आधार एका सुरात आणा, गरज पडली तर राजपत्रात नावाचा बदल प्रसिद्ध करून घ्या, आणि मगच पासपोर्टला अर्ज करा. ठाण्यात वागळे इस्टेटला पासपोर्ट सेवा केंद्र आहे. अल्पवयीन मुलासाठी आई-वडील दोघांचं संमतीपत्र लागतं. १५ ते १८ वयातल्या मुलाला १० वर्षांच्या मुदतीचा पासपोर्ट मागता येतो, तोच मागावा. परदेशी संस्थेने अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचं प्रमाणन) मागितलं, तर कागद आधी राज्य पातळीवर आणि मग परराष्ट्र मंत्रालयाकडून प्रमाणित होतात.

स्पर्धांची प्रमाणपत्रं वर्षवार लावून ठेवा. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात आणि त्यांत शाळा कुठे आहे ते पाहिलं जातं. वाशी, नेरुळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात; खारघर, कामोठे, पनवेल रायगडमध्ये. बोलताना सगळ्यालाच नवी मुंबई म्हणत असलो तरी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयं दोन आहेत, आणि प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यायची वेळ आली की चुकीच्या दारात उभं राहायला नको.

१८ वर्षांखालच्या खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात बदली फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांनुसार अपवादात्मक कारणांशिवाय होत नाही. त्यानंतर परदेशी क्लबकडे जायचं तर भारतीय महासंघाचं ना-हरकत पत्र लागतं. एजंट फिबाचा परवानाधारक, किंवा एनबीएसाठी तिथल्या खेळाडू संघटनेने मान्यता दिलेला असावा. असा एजंट खेळाडूच्या कराराच्या रकमेतून टक्केवारी घेतो. पालकांकडून आगाऊ लाखभर रुपये मागणारा माणूस या व्यवसायातला नाही.

आता वयाबद्दल, आणि हे मी अगदी कळकळीने लिहितोय. चौदा वर्षांखालच्या संघात घुसवण्यासाठी मुलाचं वय कागदावर दोन वर्षांनी कमी करू नका. मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय काढलं जातं आणि मुलं त्यात सापडतात. सापडला नाही तरी नुकसान त्याचंच: १९ आणि २२ हे दोन्ही टप्पे कागदावरच्या तारखेने मोजले जातात, म्हणजे प्रत्यक्षात २१ आणि २४ व्या वर्षी. लहान मुलांमध्ये उठून दिसण्याची किंमत म्हणून त्याच्या उमेदीची दोन वर्षं जातात.

मोजमाप आणि परीक्षण

मे महिन्यात शिकागोला ‘कम्बाइन’, म्हणजे ड्राफ्टआधी खेळाडूंची मोजमापं आणि चाचण्या घेणारं शिबिर, होतो. निमंत्रण फक्त निवडक खेळाडूंना. एनबीए आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या २०२३ च्या करारापासून निमंत्रण आलेल्याने जाणं आणि वैद्यकीय तपासणी देणं बंधनकारक आहे. ज्याचा परदेशात हंगाम चालू आहे त्याच्यासारख्यांना सूट मिळते. तिथे अनवाणी उंची, वजन, हात पसरून बोटांच्या टोकापासून टोकापर्यंतचं अंतर, उभं राहून हात वर केल्यावरची पोहोच, पंजाची लांबी-रुंदी हे सगळं मोजतात. मग जागेवरून उडी, धावत येऊन उडी, कोर्टच्या तीन चतुर्थांश लांबीची धाव, चपळाईच्या चाचण्या, नेमबाजी, सामने आणि संघांबरोबर मुलाखती.

यातलं बरंचसं घरी करता येतं आणि करावं. मुलाला बूट-मोजे काढून भिंतीला टाचा टेकवून उभं करा, डोक्यावर वही आडवी धरून पेन्सिलीची खूण करा आणि लोखंडी टेपने मोजा. मग हात सरळ वर करायला सांगून पोहोच मोजा. रिंग १० फुटांवर असते. पोहोच ८ फूट ८ इंच असेल, तर रिंगपर्यंत १६ इंच उरतात. ८ फूट ४ इंच असेल तर २०. दोन मुलांची उंची सारखी असली तरी बचावात आणि रिबाउंडला हा फरक रोज जाणवतो. दर तीन महिन्यांनी तारखेसह लिहून ठेवा. बुटासकट उंची फुगवून लिहू नका. पहिल्याच मोजणीत ती उतरते आणि पुढच्या प्रत्येक आकड्यावरचा विश्वासही तिच्याबरोबर जातो.

आपल्या सोसायट्यांच्या कोर्टवरची तीन गुणांची रेषाही एकदा मोजून पाहा. फिबाने ती २०१० मध्ये ६.२५ वरून ६.७५ मीटरवर नेली, पण जुन्या कोर्टवर जुनाच पट्टा अजून दिसतो. एनबीएची रेषा कोपरे सोडले तर ७.२४ मीटरवर आहे. ६.२५ वरून दहापैकी सात टाकणाऱ्याने तेच ७.२४ वरून टाकून पाहावं आणि तो आकडा वहीत लिहावा.

आकडे एवढे जपायला सांगतोय, पण ते निवडीची फक्त एक बाजू आहेत. २००७ मध्ये केव्हिन ड्युरँटला ८४ किलोचं वजन बेंच प्रेसवर एकदाही उचलता आलं नव्हतं. तो दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. निकोला योकिच २०१४ मध्ये ४१ वा होता. यानिस अँटेटोकुंपो २०१३ मध्ये १५ वा, तोही ग्रीसच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमधून. चेंडू नसताना मुलगा कुठे उभा राहतो, चूक झाल्यावर मागे धावतो की पंचांकडे पाहत थांबतो, मदतीला वेळेवर जातो का, हे टेपने मोजता येत नाही. म्हणून निवडक डंकची क्लिप पाठवू नका, पूर्ण सामना पाठवा. मोबाइल गॅलरीत मधल्या रेषेच्या वर, दोन्ही बास्केट दिसतील असा लावा. जर्सी क्रमांक, प्रतिस्पर्धी, तारीख आणि मिनिटं लिहा. हरलेले सामनेही ठेवा.

हे पाहणारे लोक ठाण्यात येऊन बसत नाहीत. त्यांच्यापर्यंतचा रस्ता राज्य संघ, राष्ट्रीय स्पर्धा, भारताचा १६ किंवा १८ वर्षांखालील संघ आणि आशियाई स्पर्धा असा जातो. एनबीए आणि फिबा मिळून तरुण खेळाडूंसाठी घेतात त्या ‘बास्केटबॉल विदाउट बॉर्डर्स’ची आशियाई शिबिरं २००८ मध्ये दिल्लीत, २०१७ आणि २०१८ मध्ये ग्रेटर नोएडात झाली, तीही निमंत्रितांसाठीच. ग्रेटर नोएडाच्या एनबीए अकादमीतून प्रिन्सपाल सिंग जी लीगमधल्या (एनबीएच्या दुय्यम लीगमधल्या) इग्नाइट संघापर्यंत पोहोचला आणि २०२१ मध्ये समर लीग (नव्या खेळाडूंना आजमावणारी एनबीएची उन्हाळी स्पर्धा) जिंकणाऱ्या सॅक्रामेंटो किंग्जच्या संघात होता.

पूरक आहाराबद्दल एक ताकीद. २०२० मध्ये सतनामवर नाडाने (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेने) दोन वर्षांची बंदी घातली; नमुन्यात हिजेनामाइन हे बंदी असलेलं द्रव्य सापडलं होतं, जे पूरक आहाराच्या काही उत्पादनांतही असतं. जिममधल्या कुणी दिलेला डबा उघडण्याआधी घटक तपासा. दम्याचा पंप किंवा नेहमीचं औषध असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी फाइलमध्ये ठेवा.

निवडीनंतर, आणि मुलींसाठी

पहिल्या फेरीतल्या खेळाडूला ठरलेल्या वेतनश्रेणीचा करार मिळतो: दोन वर्षं हमीची, पुढची दोन संघाच्या मर्जीवर. दुसऱ्या फेरीत अशी हमी नसते. निवड न झालेला खेळाडू कुठल्याही संघाशी बोलणी करू शकतो, समर लीग आणि जी लीगची दारं त्याला उघडी राहतात.

मुलींच्या डब्ल्यूएनबीएचा ड्राफ्ट एप्रिलमध्ये असतो. अमेरिकेबाहेर खेळणाऱ्या मुलीला त्या कॅलेंडर वर्षात २० पूर्ण व्हावी लागतात, म्हणजे २००८ च्या मुलीसाठी ते वर्ष २०२८. कागदपत्रांची यादी तीच, आणि घरची मोजमापाची वही तिचीही असू द्या.